अनुभव धागा: घरच्या घरी ग्रीक ब्रंच

आज शेपूची कोवळी जुडी मिळाली आणि झात्झिकी, म्हणजे दही-काकडीचं ग्रीक तोंडीलावणं, आठवली. अर्धा किलो घट्ट दही पंच्यात बांधून फ्रिजमध्ये 4-5 तास ठेवा, खाली भांडं. श्रीखंडाच्या चक्क्याइतकं कोरडं नको. काकडी किसून, मीठ लावून 20 मिनिटांनी मुठीत घट्ट पिळा. नीट पिळली नाही तर तासाभरात कोशिंबीर होते. मग लसणाची 1 पाकळी, 2 चमचे ऑलिव्ह तेल, चमचाभर व्हिनेगर, शेपू. तुमचेही अनुभव लिहा.

मीठभाकर: स्पानाकोपिता, म्हणजे पालक-चीज भरलेला पापुद्र्यांचा ग्रीक पाय. फिलोचं (कागदासारख्या पातळ पापुद्र्यांचं) पाकीट रात्रीच फ्रीझरमधून खाली फ्रिजमध्ये. घाईने बाहेर ठेवलं की पापुद्रे चिकटतात, फाटतात. काम चालू असताना वर ओलसर फडकं, अगदी पिळून घेतलेलं. पालक अर्धा किलो, फेटा (खारवलेलं ग्रीक चीज) 200 ग्रॅम, 2 अंडी. वरून मीठ नाही!! भाजायच्या आधीच वरच्या थरांवर वड्या पाडा, नंतर सुरी लावली की चुरा. 180 अंशांवर 45 मिनिटं.

रानमेवा: अंडं न घालता?

मीठभाकर: होतं की. 2 चमचे रवा घाला, पालकाचं पाणी शोषतो. आणि पाहुणे शाकाहारी असतील तर फेट्याचं लेबल वाचा ताई, पारंपरिक फेट्यात प्राण्यांचं रेनेट (दूध गोठवणारं पाचक द्रव्य) असतं.

आंबटगोड: गाईच्या दुधाचं ते फेटा नव्हे. युरोपात 2002 पासून नावाला संरक्षण आहे, मेंढीचं दूध आणि फार तर 30 टक्के शेळीचं. खारट लागलं तर 10 मिनिटं पाण्यात ठेवा.

घाईत: कायानास, म्हणजे टोमॅटो-अंड्याची ग्रीक भुर्जी, कुणीच लिहिलं नाही? 3 टोमॅटो अर्धे कापून किसणीवर किसा, साल हातात राहते. तेलात पाणी पूर्ण आटू द्या, मगच 4 अंडी फेटून. आधी घातली की सगळं पाणचट, फुटल्यासारखं. शेवटी फेटा कुस्करून. हे पाहुणे बसल्यावरच करा, बाकी सगळं आधी होतं.

रानमेवा: शेपू आमच्याकडे मुलं खात नाहीत हो 😞

आंबटगोड: झात्झिकीत पुदिना घाला, तिकडेही घालतात. शेपू घेतलात तर निम्माच, आपला फार उग्र असतो.

घाईत: ग्रीक कॉफीला फिल्टर कॉफीची पूड नको. जाडसर असते, वर चिकोरी. नुसती कॉफी मैद्यासारखी दळून आणा. थंड पाण्यात घालून मंद आच, फेस वर आला की उकळायच्या आत उतरवा.

रानमेवा: ब्रिकी (ग्रीक कॉफीचं छोटं दांड्याचं भांडं) नाही. फोडणीचं कढलं चालेल?

घाईत: चालेल, पण तोंड निमुळतं असेल तर फेस टिकतो.