गाठीच्या मापाआधी तिचे स्वरूप पाहावे

थायरॉईडमधील गाठ मोठी असेल तर कर्करोगाची भीती आणि लहान असेल तर काळजीचे कारण नाही, असे म्हटले जाते. ते मला पटत नाही. सोनोग्राफीत आधी पाहिले जाते ते गाठीचे स्वरूप. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीच्या २०१७ च्या टायरॅड्स पद्धतीत गाठ घन आहे की द्रवाने भरलेली, ती भोवतालच्या ग्रंथीपेक्षा किती काळपट दिसते, तिचा आकार (म्हणजे रुंदी-उंचीचे प्रमाण), कडा आणि आतील चमकदार ठिपके अशा पाच बाबींना गुण दिले जातात; गुण जितके जास्त, तितका कर्करोगाचा संशय अधिक. रुंदीपेक्षा उंची जास्त असणे आणि अगदी बारीक चमकदार ठिपके दिसणे यांना प्रत्येकी ३ गुण मिळतात, तर स्पंजसारख्या जाळीदार गाठीला शून्य. मापाचा विचार होतो तो त्यानंतर, सुईने पेशी काढून तपासायच्या की नाही हे ठरवताना: अतिसंशयास्पद गाठीत १ सेंटिमीटरपासून, सौम्य संशयाच्या गाठीत मात्र २.५ सेंटिमीटरपासून. म्हणूनच ३ सेंटिमीटरच्या जाळीदार गाठीला सुई लावण्याची गरज सहसा नसते आणि सव्वा सेंटिमीटरच्या अतिशय काळपट, वेड्यावाकड्या कडांच्या घन गाठीला ती असते. अहवालात केवळ माप लिहिलेले असेल, तर उरलेले वर्णन रेडिओलॉजिस्टकडून आग्रहाने मागून घ्यावे.