मदत हवी आहे: ग्रंथालयाच्या सर्व्हरवरील डेटाबेस रात्रीतून बंद पडतो, कारण सापडत नाही

नमस्कार.

तालुक्याच्या गावातील एका सार्वजनिक ग्रंथालयाचे संगणकाचे काम मी निवृत्तीनंतर हौसेने पाहतो. माझे शिक्षण या विषयातले नाही आणि लिनक्सशी ओळख गेल्या दिवाळीनंतरची आहे, त्यामुळे प्रश्नात काही बाळबोध आढळल्यास सांभाळून घ्यावे.

ग्रंथालयाची सुमारे १९,००० पुस्तकांची यादी वर्डप्रेस या संकेतस्थळ चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या साइटवर आहे. ती पूर्वी सामायिक होस्टिंगवर होती. फेब्रुवारीत मी ती भाड्याच्या व्हर्च्युअल सर्व्हरवर हलवली. सर्व्हरला १ जीबी मेमरी व २५ जीबी डिस्क असून त्यावर उबुंटू २४.०४ (लिनक्स), एनजिनएक्स (वेब सर्व्हर), पीएचपी ८.३ (वर्डप्रेसची पाने तयार करणारी भाषा) आणि मारियाडीबी (डेटाबेस) आहे. एसएसएचला पासवर्डऐवजी की लावली आहे, फायरवॉलमध्ये २२, ८० आणि ४४३ एवढीच पोर्टे उघडी आहेत, आणि लेट्स एन्क्रिप्टचे ९० दिवसांचे प्रमाणपत्र एप्रिलमध्ये एकदा आपोआप नूतनीकृतही झाले आहे. म्हणजे उभारणी बरी झाली, असा माझा समज होता.

गेल्या तीन आठवड्यांपासून मात्र आठवड्यातून दोन-तीनदा सकाळी साइट उघडावी, तर डेटाबेसशी जोडणी होत नसल्याचा संदेश दिसतो. लॉगिन करून मारियाडीबी पुन्हा सुरू केले की सर्व सुरळीत चालते. रात्री ३ वाजता क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामे आपोआप करणाऱ्या सेवेतून) डेटाबेसचा बॅकअप निघतो, म्हणून माझा पहिला संशय त्यावर होता. परंतु कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ अशी नोंद असून मारियाडीबीची प्रक्रिया ११ मे रोजी २१:४० वाजता मारली गेल्याचे त्यात लिहिले आहे. त्या दिवशी रात्री पावणेदहाला मी स्वतः साइटवर नवीन पुस्तके चढवत होतो आणि ती उत्तम चालत होती, हे मला पक्के आठवते. त्याच सुमाराची एनजिनएक्सच्या अ‍ॅक्सेस लॉगमधील एक ओळ, पत्ता वगळून, खाली देतो. अशा ओळी शेकड्यांनी आहेत.

[११/मे/२०२५:२१:३८:०७ +००००] "पोस्ट /एक्सएमएलआरपीसी.पीएचपी" २००

मारियाडीबीच्या स्वतःच्या लॉगमध्ये त्यानंतर बफर पूलसाठी (डेटा मेमरीत ठेवण्याच्या जागेसाठी) मेमरी मिळाली नाही, अशी तक्रार आहे. आणखी एक गोष्ट कबूल करायला हवी. एप्रिलच्या अखेरीस पीएचपी-एफपीएमच्या (पीएचपीच्या प्रक्रिया चालवणाऱ्या सेवेच्या) लॉगमध्ये ‘मॅक्स चिल्ड्रन’ची, म्हणजे एका वेळी चालणाऱ्या प्रक्रियांची, ५ ही मर्यादा गाठली गेल्याची व ती वाढवण्याचा विचार करावा अशी सूचना दिसली होती. सूचना खुद्द प्रोग्रॅमचीच असल्यामुळे मी ५ चे ५० केले.

घडले नेमके केव्हा, मेमरी कोण खाते, आणि २ जीबीचा सर्व्हर घेण्यावाचून गत्यंतर नाही का, हे तीन प्रश्न आहेत. ग्रंथालयाची वर्गणी पाहता भाडे वाढवणे कार्यकारिणीच्या गळी उतरवणे कठीण आहे.

प्रतिसाद १

नमस्कार. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपण दिलेल्या ओळीतच आहे. वेळेनंतरचे ‘+००००’ पाहावे. आपला सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेवर चालतो आहे आणि भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास असते. लॉगमधील ११ मेचे २१:४० म्हणजे आपल्याकडे १२ मेचे पहाटेचे ३:१०. आपण पुस्तके चढवत होतात तेव्हा काहीच बिघडले नव्हते.

त्याच हिशेबाने बॅकअपही निर्दोष ठरतो. क्रॉनमधले ३ सर्व्हरच्या घड्याळाप्रमाणे असल्यामुळे तो आपल्या सकाळी साडेआठला निघतो. ‘टाइमडेटसीटीएल’ने आशिया/कोलकाता ही वेळ लावावी आणि त्यानंतर क्रॉनची सेवा पुन्हा सुरू करावी, नाहीतर ती जुन्याच घड्याळाने चालत राहते.

आता दुसरा प्रश्न. ‘पीएस’ आज्ञेने प्रक्रियांची यादी मेमरीच्या उतरत्या क्रमाने काढून पीएचपीची एक प्रक्रिया साधारण किती जागा घेते आणि मारियाडीबी किती, हे आकडे कृपया येथे द्यावेत. स्वॅप (मेमरी कमी पडल्यास तिच्याऐवजी वापरायची डिस्कवरील जागा) आहे का, हे ‘फ्री’ आज्ञेने दिसेल.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. सकाळी साडेआठला वृत्तपत्र विभाग उघडतो तेव्हा साइट पाच-सात मिनिटे अडखळते, अशी आमच्या ग्रंथपालबाईंची तक्रार होती आणि मी ती त्यांच्या मोबाइलच्या माथी मारत होतो. आता त्यांची क्षमा मागणे आले.

आकडे असे: पीएचपीची एक प्रक्रिया ५० ते ५५ एमबी, मारियाडीबी सुमारे २१० एमबी, वापरण्याजोगी एकूण मेमरी ९६० एमबी. स्वॅपच्या रकान्यात शून्य आहे.

प्रतिसाद २

मी स्वतः काही लहान साइटी सांभाळतो. सरळ २ जीबी मेमरी घ्या, असे सुचवेन. १ जीबीत वर्डप्रेस आणि डेटाबेस एकत्र नांदवणे म्हणजे रोजची कटकट आहे.

प्रतिसाद १

वरील सूचनेशी मी सहमत नाही. ५० प्रक्रिया गुणिले ५५ एमबी म्हणजे २,७५० एमबी. आज २ जीबी घेतले, तरी एखाद्या पहाटे ते कमीच पडतील. आपण ५ चे ५० केले तेव्हा सर्व्हरने जेवढ्या पाहुण्यांना बसवायचे त्याच्या कितीतरी पट आमंत्रणे दिली गेली. एरवी पाचदहाच पाहुणे येत असल्यामुळे ते लक्षात आले नाही. पहाटे मात्र सगळे एकदम आले.

ते पाहुणे कोण, हेही आपल्याच ओळीत आहे. एक्सएमएलआरपीसी ही वर्डप्रेसची बाहेरील प्रोग्रॅमसाठी ठेवलेली जुनी खिडकी असून, तिच्यावर वेगवेगळे पासवर्ड लावून पाहणारे स्वयंचलित प्रोग्रॅम जगभर फिरत असतात. तुमचे ग्रंथालय कोणी हेरलेले नाही, याची खात्री बाळगावी. अशा प्रत्येक विनंतीसाठी पीएचपीला संपूर्ण वर्डप्रेस मेमरीत आणावे लागते. ‘२००’ (विनंती यशस्वी) हा आकडा पाहून घाबरू नये, कारण पासवर्ड चुकला तरी येथे २०० हेच उत्तर जाते. एप्रिलमध्ये पाचची मर्यादा गाठली गेली तीही बहुधा यांच्यामुळेच. लॉगने दिलेली सूचना खोटी नव्हती, पण गर्दी कोणाची आहे हे पीएचपीला कळत नसते. ते अ‍ॅक्सेस लॉगमध्येच पाहावे लागते.

मेमरी संपली की कर्नल एखादी प्रक्रिया मारून जागा मोकळी करतो आणि त्यासाठी मुख्यतः एकट्याने सर्वांत जास्त जागा अडवलेली प्रक्रिया निवडतो. पीएचपीच्या पन्नास प्रक्रिया मिळून कितीही खात असल्या, तरी त्यांतली प्रत्येक ५५ एमबीचीच असते. २१० एमबीचे मारियाडीबी त्यांत उठून दिसते आणि बळी जाते. ते पुन्हा उभे राहू पाहते तेव्हा बफर पूलसाठी नेहमीचे १२८ एमबीही शिल्लक नसतात, म्हणून आपण उठेपर्यंत आडवे पडून राहते.

उपाय मी या क्रमाने करीन. प्रथम एनजिनएक्सच्या साइट फाइलमध्ये एक्सएमएलआरपीसीच्या नेमक्या पत्त्यासाठी स्वतंत्र ‘लोकेशन’ विभाग लिहून त्यात ‘डिनाय ऑल’ द्यावे, म्हणजे विनंती पीएचपीपर्यंत पोहोचणारच नाही. त्याआधी ग्रंथालयात कोणी वर्डप्रेसचे मोबाइल अ‍ॅप किंवा जेटपॅक हे प्लगइन वापरत नाही ना, हे विचारून घ्यावे, कारण त्यांना ही खिडकी लागू शकते. फाइल बदलल्यावर ‘एनजिनएक्स -टी’ने तपासणी केल्याशिवाय रीलोड करू नये, एक अर्धविराम राहिला तरी ती तपासणी ओळ क्रमांकासह सांगते.

मग पीएचपीचा आकडा. ९६० मधून मारियाडीबीचे २१०, उबुंटूसाठी अंदाजे २०० आणि थोडी मोकळी जागा म्हणून १५० वजा केल्यास ४०० एमबी उरतात. ५५ ने भागल्यास सात येतात, मी सहा ठेवीन. सहा प्रक्रिया अपुऱ्या वाटतील, पण एक पान अर्ध्या सेकंदात तयार होत असेल, तर सेकंदाला बारा पाने झाली, आणि आपल्या वाचकांची एवढी झुंबड उडत असेल, तर ग्रंथालयाचे अभिनंदनच करायला हवे.

शेवटी १ जीबीची स्वॅप फाइल करावी. तिची परवानगी ६०० ठेवावी आणि ‘एफएसटॅब’मध्ये (सुरू होताना जोडायच्या डिस्कांच्या यादीत) नोंद करावी, अन्यथा सर्व्हर रीबूट झाल्यावर स्वॅप नाहीसा होतो.

प्रतिसाद २

हिशेब मान्य आहे, सूचना मागे घेतो. मात्र स्वॅपवर विसंबू नये, एवढे सांगावेसे वाटते. डेटाबेस स्वॅपमध्ये गेला की साइट मरत नाही, पण पान उघडायला अर्धा मिनिट लागते, आणि वाचकाच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. आणखी एक चौकशी: बॅकअपची फाइल कुठे ठेवता?

धागाकर्ता

बॅकअप त्याच सर्व्हरवर, त्याच डिस्कवर आहे. प्रश्न वाचल्याबरोबर चूक लक्षात आली. आता रोज सकाळी ग्रंथालयातील संगणक तो ‘आरसिंक’ने ओढून घेईल अशी व्यवस्था केली आहे, आणि रविवारी घरच्या लॅपटॉपवर तो एकदा उतरवून १९,००० नोंदी मोजूनही पाहिल्या.

बाकी बदल सांगितलेल्या क्रमानेच केले. ‘एनजिनएक्स -टी’ने पहिल्याच वेळी माझा एक महिरपी कंस पकडला, अन्यथा साइट मी स्वतःच बंद पाडली असती. गेले बारा दिवस मारियाडीबी अखंड चालू आहे. एक्सएमएलआरपीसीवर विनंत्या अजूनही येतात, पण त्यांच्यापुढे आता ४०३ (प्रवेश नाकारला) लिहिलेले असते आणि रात्री पीएचपीच्या दोनपेक्षा जास्त प्रक्रिया नसतात. स्वॅपचा वापर काल ४० एमबी होता.

परवा मात्र पीएचपीच्या लॉगमध्ये पुन्हा तीच सूचना आली: सहाची मर्यादा गाठली आहे, वाढवण्याचा विचार करावा. या वेळी आकड्याला हात न लावता अ‍ॅक्सेस लॉग उघडला, तेव्हा एकाच पत्त्यावरून लॉगिनच्या पानावर मिनिटाला नव्वद विनंत्या येत होत्या. एनजिनएक्सच्या ‘लिमिट रेक’ने त्या पानासाठी प्रत्येक पत्त्याला मिनिटाला दहाची मर्यादा घातली आहे. ग्रंथालयातील चारही संगणक बाहेर एकाच पत्त्याने दिसतात, तेव्हा सोमवारी सकाळी सर्वांनी एकदम लॉगिन केल्यावर दहा पुरतात का, ते पाहून येथे कळवीन.