कॉमिक्स, गेम आणि वेबची आवड वर्गात कशी आणावी?

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यातील महाविद्यालयात मराठी शिकवतो. इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी अंक वाचत मी वाढलो. गेम आणि वेब तंत्रज्ञानाचीही मला मनापासून आवड आहे. कथालेखन शिकवताना या आवडींचा उपयोग करावा असे वाटते, परंतु विद्यार्थ्यांकडे केवळ मोबाइल असतो आणि नेटवर्कचा भरवसा नसतो. सुरुवात कुठून करावी?

उत्तर १ : सर, ख्रिस क्लिमास यांनी २००९ मध्ये तयार केलेले ट्वाइन हे, वाचकाच्या निवडीनुसार पुढे जाणाऱ्या कथा रचण्याचे मोफत साधन पाहावे. त्यात शब्दांभोवती दुहेरी चौकटी कंस घातला की पुढच्या प्रसंगाचा दुवा तयार होतो आणि पूर्ण झालेली कथा एकाच एचटीएमएल फाइलमध्ये (म्हणजे वेबपानाच्या फाइलमध्ये) उतरते, त्यामुळे ती ब्राउझरमध्ये इंटरनेटविनाही वाचता येते. विषय गावचाच द्यावा : बोंडअळी दिसल्यावर फवारणी करायची की पऱ्हाटी उपटायची, या निर्णयावर कथेला फाटे फुटू द्यावेत.

उत्तर २ : माझ्या मते आधी कॉमिक्स घ्यावे, कारण त्यासाठी फळा आणि खडू पुरतो. पहिल्या चौकटीत शेतकरी आभाळाकडे पाहतो, दुसरीत त्याच्या हाती रिकामे पोते असते. मधला सारा हंगाम वाचक स्वतः रचतो. कथनाचा याहून सोपा पाठ मला माहीत नाही.

उत्तर ३ : सर्न या युरोपीय अणुसंशोधन संस्थेने ३० एप्रिल १९९३ रोजी वेबचे तंत्रज्ञान सर्वांसाठी विनाशुल्क खुले केले, हेही मुलांना आवर्जून सांगावे. वेबपानाचा कोड स्वतः लिहिताना त्यात यूटीएफ-८ ही अक्षरे साठवण्याची पद्धत नमूद करावी, अन्यथा देवनागरीऐवजी भलतीच चिन्हे दिसू शकतात.