मदत हवी आहे : जुन्या शाईच्या पेनांपैकी सोलापूरच्या उन्हात रोज वापरण्याजोगे कोणते?

सप्रेम नमस्कार.

माझ्याकडे चार जुनी शाईची पेने आली आहेत आणि चारही पेनांत शाई भरण्याची रीत वेगवेगळी आहे. त्यांपैकी एक दुरुस्त करून रोजच्या वापरात घ्यावे आणि बाकीची नीट जपून ठेवावीत, असा विचार आहे. कोणते निवडावे आणि कशावर खर्च करावा, याबाबत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे, कारण तिच्यावरच उत्तर अवलंबून असावे असे मला वाटते. मी सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात वकिली करतो. दाव्यांचे आणि कैफियतींचे मसुदे अजूनही आधी हाताने लिहितो, त्यामुळे लिखाण भरपूर होते. पेन दिवसभर पांढऱ्या सदऱ्याच्या खिशात असते, आणि एप्रिल-मे महिन्यांत जुळे सोलापूरहून दुचाकीवर येताना पारा चाळिशीच्या पुढे गेलेला असतो. पक्षकारासमोर खिशावर निळा डाग घेऊन उभे राहणे कोणत्याही वकिलाला परवडणारे नाही.

ही पेने माझ्या मामांची. ते येथील एका गिरणीच्या हिशेब खात्यात होते आणि त्यांना पेनांचा षोक होता.

पहिले पेन काळ्या एबोनाइटचे (म्हणजे कडक केलेल्या रबराचे), हाताने कातलेले, ड्रॉपरने शाई भरण्याचे आहे. त्यावर कोणतेही नाव नाही. आंध्रातील राजमहेंद्रीला १९३० च्या दशकापासून अशी पेने कातली जातात आणि आपल्या शहरातील तेलुगू कुटुंबांचे तिकडे जाणे-येणे असते, म्हणून ते तिकडचे असावे असा माझा केवळ तर्क आहे. त्यात नळी नाही, दांडा नाही, स्प्रिंग नाही. पुढचा भाग फिरवून काढायचा, पोकळ दांडीत शाई ओतायची आणि आटे घट्ट बसवायचे. आजही ते कोणतीही दुरुस्ती न करता लिहिते.

दुसरे एस्टरब्रुक जे आहे. त्याच्या अंगावर लहान लिव्हर आहे. लिव्हर उचलली की आतली धातूची पट्टी रबराची नळी दाबते, आणि लिव्हर खाली सोडली की नळी फुगून शाई ओढून घेते. या योजनेचे पेटंट वॉल्टर शेफर यांना १९०८ मध्ये मिळाले आणि त्यानंतर कित्येक दशके ती सर्वत्र चालली. माझ्या पेनाची लिव्हर मात्र वर येताना अडते, आणि पेन कानाजवळ धरून हलवले तर आत काहीतरी खुळखुळते.

तिसरे पार्कर ५१. त्याच्या मागच्या टोकाला एक लहान टोपी आहे. ती फिरवून काढली की आत दाबायचा दांडा दिसतो. दांडीवरील मजकुराच्या शेवटी ७ हा अंक कोरलेला आहे. हा अंक उत्पादनाच्या सालाचा शेवटचा आकडा असतो असे वाचले. पार्कर ५१ बाजारात आले १९४१ मध्ये आणि दांड्याची ही व्हॅक्युमॅटिक पद्धत त्यातून १९४८ मध्ये गेली, तेव्हा हे पेन १९४७ चेच ठरते. दांडा दाबला की खाली जातो, पण परत वर येताना मध्येच थांबतो.

चौथे पेलिकन १४०. त्यात पिस्टन आहे. मागची गुंडी फिरवली की पिस्टन पुढे-मागे सरकतो आणि शाई थेट दांडीत येते. गुंडी फिरते, पण अतिशय जड.

आंतरजालावर या पद्धतींची तुलना मुबलक आहे. परंतु ती बहुधा कोणात किती शाई मावते आणि भरताना हात किती माखतात, एवढ्यावरच थांबते. मला त्याहून वेगळी बाब महत्त्वाची वाटते. पेन सत्तर-पंचाहत्तर वर्षांचे झाले की त्याची शाई भरण्याची सोय ही त्याच्या सर्वांत नाशवंत भागाइतकीच टिकाऊ असते. तेव्हा या पद्धतींकडे ‘यात काय कुजते, ते येथे मिळते का आणि बदलायला कोणते हत्यार लागते’ या अंगाने पाहिले तर निवड कशी होईल, हे मला समजून घ्यायचे आहे.

एक व्यावहारिक पेचही आहे. माझ्या मेव्हण्यांकडे नंतरच्या, ॲरोमेट्रिक पद्धतीचे पार्कर ५१ आहे. त्यांना जुन्या वस्तूंचा संग्रह करायचा असल्याने माझे व्हॅक्युमॅटिक घेऊन ते मला आपले पेन द्यायला तयार आहेत. हा सौदा करावा का?

शहरातील एका दुकानदाराने चारही पेनांतील जुने काढून टाकून रिफिल बसवण्याचा सल्ला दिला. तो मला मान्य नाही, त्यामुळे कृपया त्याचा पुनरुच्चार करू नये.

प्रतिसाद (अक्कलकोटहून)

वकीलसाहेब, नमस्कार. ड्रॉपरच्या पेनाबद्दल आधी लिहितो, कारण आपल्या यादीत चालू असलेले तेवढेच आहे आणि आपल्या सदऱ्याला धोकाही त्याचाच आहे.

त्यात कुजण्यासारखे काहीच नाही. आपल्या कसोटीवर ते पहिले येते. अडचण हवेची आहे. टाकी अर्धी रिकामी झाली की उरलेल्या जागेत हवा असते, आणि हवा तापली की दर अंशाला सुमारे तीनशेव्या भागाने फुगते. समजा टाकीत २ मिलिलिटर हवा आहे आणि पंख्याखालून उठून आपण उन्हात आलात, पेन १० अंशांनी तापले. तेव्हा ती हवा ०.०७ मिलिलिटरच्या आसपास वाढते. शाईचा एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा असतो. म्हणजे एका थेंबाहून अधिक शाई निबेकडे ढकलली जाते. निबेखालची जी पट्टी शाई निबेपर्यंत आणते त्या जिभेच्या खाचा त्यातील काही धरून ठेवतात; बाकीची टोपणात उतरते आणि पुढच्या वेळी टोपण काढताना बोटांना लागते. पेनात बिघाड काहीच नसतो.

यावर जुन्या लोकांचा उपाय साधा होता. टाकी एक-तृतीयांशापर्यंत उतरली की पुन्हा भरायची, आणि पेन खिशात निब वर करूनच ठेवायचे. एबोनाइट उष्णतेचे मंद वाहक आहे, दांडीही जाड असते, त्यामुळे हाताची ऊब आत पोहोचायला वेळ लागतो. तेच पेन धातूचे असते तर त्रास अधिक झाला असता. जपानी कारागिरांनी तर ड्रॉपरच्या पेनांत मागून फिरवायचा एक दांडा घातला, जो टाकीचे तोंड बंद करतो. प्रवासात बंद, लिहिताना थोडे उघडे. आपल्याकडच्या साध्या पेनांत ती सोय नसते.

आटे सैल वाटत असतील तर त्यांना सिलिकॉन ग्रीसचे बोट लावा. व्हॅसलिन नको, ते रबराला मानवत नाही. एबोनाइट गरम पाण्यात बुडवू नका आणि उन्हात ठेवू नका. काळा रंग उतरून शेवाळी-तपकिरी होतो आणि तो पुन्हा आणणे फार कटकटीचे असते.

माझे मत विचाराल तर हे पेन टेबलावर ठेवा. मसुदे लिहायला याहून चांगले नाही, खिशात मात्र नको.

प्रतिसाद (पुण्याहून)

वरील हिशेब पटला. उरलेल्या तिघांविषयी लिहितो. ही पेने मी हौस म्हणून दुरुस्त करतो.

एस्टरब्रुकमध्ये जे खुळखुळते आहे ते नळीचे तुकडे आहेत. नैसर्गिक रबर काळाने कडक होते, मग काचेसारखे तडकते. लिव्हर अडते तीही त्याचमुळे. ती जोराने उचलू नका, आतली पट्टी वाकेल किंवा लिव्हरची खिळी तुटेल. आपल्या चार पेनांत घरी दुरुस्त करता येईल असे हेच आहे. केस वाळवण्याच्या यंत्राच्या कोमट हवेने पुढचा भाग हळूहळू तापवा, डुलवत डुलवत बाहेर काढा. आधी काळे, भुसभुशीत चूर्ण पडेल, मग तोटीला, म्हणजे पुढच्या भागाच्या ज्या टोकावर नळी बसते त्याला, चिकटलेला कडक कडा दिसेल. तो नखाने किंवा बोथट पात्याने खरवडा. ज्योत कधीही वापरू नका. पेनावर ते कशाचे आहे हे लिहिलेले नसते, आणि जुनी पेने सेल्युलॉइडची असली तर ती भडकन पेटतात.

नवी नळी क्रमांकाने मिळते आणि तो क्रमांक इंचाच्या चौसष्टाव्या भागांत असतो. एस्टरब्रुक जे ला सहसा १६ क्रमांक लागतो, म्हणजे १६/६४ इंच, अर्थात पाव इंच. नळी तोटीवर शेलॅकने चिकटवायची. सुतार पॉलिशसाठी स्पिरिटमध्ये विरघळवतात तीच चपडा लाख. ती सोलापुरात मिळणार नाही असे होणार नाही. झटपट चिकटणारा गोंद लावला तर पुढच्या वेळी नळी बदलताना तोटीच तुटते. नळीवर थोडी टाल्कम पावडर लावा, म्हणजे ती पट्टीला घासत नाही. आणखी एक सोय अशी की या पेनाची निब जिभेसकट फिरवून काढता येते, त्यामुळे धुणे सोपे.

पेलिकन जड फिरते आहे ते बहुधा वाळलेल्या शाईमुळे. जबरदस्ती केली तर पिस्टनचा दांडा तुटेल. निबेचा भाग फिरवून काढा, दांडीत साधे थंड पाणी भरून रात्रभर ठेवा, पाणी बदला, पुन्हा ठेवा. घाई नको. गुंडी सहज फिरू लागली की पुढच्या तोंडातून, दांडीच्या आतल्या भिंतीला काडीच्या टोकावर येईल इतकेच सिलिकॉन ग्रीस लावून पिस्टन वर-खाली फिरवा. पेलिकनने १९२९ मध्ये पिस्टनचे पेन आणले तेव्हा त्यात बुचाचे सील होते आणि ते कोरडे पडले की आकसायचे. १४० पर्यंत कंपनी प्लास्टिकच्या सीलवर आली होती, त्यामुळे आपले काम बहुधा धुण्यावरच भागेल. पिस्टनची यंत्रणा मागून उपसून काढण्याच्या फंदात पडू नका. ती दाबून बसवलेली असते आणि दांडीला तडा जातो.

आता पार्कर. आपल्या पेनात एक रबरी पडदा आहे. दांडा दाबला की तो खाली ताणला जाऊन आतली हवा बाहेर ढकलतो आणि सुटला की शाई ओढतो. म्हणून एकदा दाबून भागत नाही, पुनःपुन्हा दाबावे लागते. आतली बारीक श्वासनळी वरपर्यंत गेलेली असते, ती वरची हवा बाहेर जाऊ देते आणि पातळी चढत जाते. कल्पना सुंदर आहे, पण हा पडदाही नैसर्गिक रबराचाच. तपासायचे असेल तर निबेचे टोक पाण्यात बुडवून दांडा दाबा. बुडबुडे आले तर पडदा अजून हवा धरतो आहे. आलेच नाहीत, किंवा मागच्या लहान टोपीत शाईचा ओलावा दिसला, तर तो फाटलेला आहे. बदलायला दांड्याभोवतीचे आटेदार कडे काढावे लागते आणि त्यासाठी खास पकड लागते. साध्या पकडीने कडे चेपते. दांडी ॲक्रिलिकची आहे, तिला स्पिरिट लावू नका, तडे जातात.

मेव्हण्यांशी अदलाबदल करा, असे मी निःसंकोच सांगेन. ॲरोमेट्रिकची नळी रबराची नसून पीव्हीसीची आहे. १९४८ पासूनच्या कित्येक पेनांत ती मूळचीच अजून चालू आहे. दांडी फिरवून काढायची, धातूच्या कवचावरची पट्टी काही वेळा दाबायची, झाले. आपण विचारलेल्या कसोटीवर, काय कुजते यावर, तिला तोड नाही. आणि निब झाकलेली असल्याने सोलापूरच्या कोरड्या हवेत युक्तिवादाच्या मध्ये टोपण उघडे राहिले तरी ती उघड्या निबेइतकी पटकन वाळत नाही.

शेफरचे स्नॉर्केल कोणी देऊ केले तर मात्र नमस्कार करून पुढे जा. १९५२ चे ते यंत्र पाहायला अप्रतिम आहे, निब न बुडवता बारीक नळीने शाई पिते. पण त्यात नळी, सील आणि कडी इतकी आहेत की दुरुस्ती हा स्वतंत्र व्यवसाय होतो.

धागाकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. थेंबाचा हिशेब वाचल्यावर मे महिन्यातील दुपारचे कोडे उलगडले.

सुचवल्याप्रमाणे पार्कर पाण्यात तपासले. बुडबुडे आले नाहीत आणि मागच्या टोपीच्या आत निळसर थर आढळला; म्हणजे पडदा गेला आहे. ही गोष्ट मेव्हण्यांना आधी सांगणे मला आवश्यक वाटते. त्यांचे पेन चालू आहे आणि माझे बंद, तेव्हा दुरुस्तीचा खर्च मी द्यावा असे मनात आहे. हा खर्च न्याय्य ठरेल का, की व्हॅक्युमॅटिकचे संग्रहमूल्य बंद अवस्थेतही अधिक धरले जाते?

दुसरे, एस्टरब्रुकची दुरुस्ती मी स्वतः करणार आहे. नळी मागवण्यापूर्वी क्रमांकाची खात्री कशी करावी?

प्रतिसाद (पुण्याहून)

साहेब, संग्राहक पडदा बदललेला आहे की नाही याला फारसे महत्त्व देत नाहीत. दांडीवर तडे नसणे, अंक स्पष्ट असणे आणि टोपणावर खळगे नसणे हे पाहतात. तेव्हा मेव्हण्यांना सत्य सांगा आणि खर्च निम्मा-निम्मा करा. आपण दोघेही तोट्यात राहणार नाही.

क्रमांकासाठी जुनी नळी पूर्ण खरवडल्यावर तोटीचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजा. तोटीहून किंचित लहान नळी घ्यायची, म्हणजे ती ताणून घट्ट बसते. मात्र नळी दांडीच्या आत न घासता जाते का, तेही पाहा. पट्टीला जागा उरली नाही तर ती दाबली जाणार नाही आणि शाई अर्धीच भरेल. लांबी दांडीपेक्षा थोडी कमी कापा. माप मिलिमीटरमध्ये येथे लिहिलेत तर मागवण्याआधी मी ताडून सांगतो.