मदत हवी आहे: वाळूखडकातून नायट्रोजन सोडल्यावर बुरेट आणि वजनकाटा यांचा हिशोब जुळत नाही

सच्छिद्र (नागपूर):
नमस्कार. कामठी वाळूखडकाच्या कोअरवर (खडकातून कापलेल्या दंडगोल नमुन्यावर) पाणी आणि गॅस यांची सापेक्ष पारगम्यता, म्हणजे दोन्ही एकत्र असताना प्रत्येकाला खडकातून किती वाट मिळते ते, मोजायची आहे. कोअर 38 मिमी व्यासाचा, 75 मिमी लांब. सच्छिद्रता 18 टक्के, म्हणजे पोकळी 15.3 मिली. पारगम्यता (द्रव किंवा गॅस वाहू देण्याची क्षमता) 85 मिलिडार्सी. निर्वात करून 2 टक्के पोटॅशियम क्लोराइडच्या पाण्याने कोअर पूर्ण भरतो आणि सिलिंडरमधला नायट्रोजन थेट सोडतो. बाहेरचे टोक हवेला उघडे.

संथ प्रवाह: 30 मिली प्रतिमिनिट, दाबफरक 0.3 बार, 5 तास. बुरेटमध्ये 7.1 मिली पाणी आले, कोअरचे वजन मात्र 6.4 ग्रॅमनेच घटले. वजनावरून उरलेले पाणी 58 टक्के.

कोअर पुन्हा भरून जोराचा प्रवाह: 140 मिली प्रतिमिनिट, 0.7 बार, 5 तास. बुरेटमध्ये 7.7 मिली, वजन 8.6 ग्रॅमने घटले. उरलेले पाणी 44 टक्के.

एकदा बुरेट पुढे, एकदा वजन पुढे. साबणाचे पाणी लावून पाहिले, गळती नाही. खोलीत दुपारी 38 अंश असते. 58 खरे धरावे की 44?

काळा_पाषाण:
दोन्ही धरू नका. खडकाच्या बाहेर केशिक दाब (बारीक छिद्रांतले पाणी ढकलायला गॅसला लागणारा जादा दाब) शून्य असतो, म्हणून बाहेरच्या तोंडाशी पाणी अडून राहते. किती, याचा अंदाज लगेच काढता येतो: 85 मिलिडार्सी, 18 टक्के आणि लेव्हरेटचे जे-फल (पारगम्यता आणि सच्छिद्रतेवरून केशिक दाब काढायचा एककरहित आकडा) 0.2 ते 0.3 धरले तर केशिक दाब 0.2 ते 0.3 बार येतो. संथ प्रवाहातला तुमचा सगळा दाबफरकच तेवढा आहे! त्यातून निघालेली गॅसची पारगम्यता खडकाची कमी आणि तोंडाशी अडलेल्या पाण्याची जास्त. दाबफरक केशिक दाबाच्या निदान 8-10 पट हवा, म्हणजे 2 ते 3 बार.

वैनगंगाकाठ:
तोंडाशी पाणी अडते हे बरोबर, पण त्याने बुरेट आणि वजन यांच्यात फरक पडणार नाही. नायट्रोजन कोरडाच सोडता ना? आणि कोअरच्या दोन्ही बाजूंच्या नळ्यांची लांबी किती?

सच्छिद्र (नागपूर):
हो, कोरडाच. नळ्या दोन्ही मिळून 35 सेंमी, आतला व्यास 2 मिमी. सुरुवातीला पाण्याने भरलेल्या असतात.

वैनगंगाकाठ:
मग हिशोब जुळला. नळ्यांतले 1.1 मिली पाणी बुरेटमध्ये येते, पण ते कोअरचे नाही. उलट 38 अंशाला एक घनमीटर गॅस सुमारे 46 ग्रॅम वाफ धरतो. संथ प्रवाहात 5 तासांत 9 लिटर गॅस गेला, म्हणजे 0.4 ग्रॅम पाणी वाफ होऊन गेले. जोराच्या प्रवाहात 42 लिटर, म्हणजे जवळपास 2 ग्रॅम.

7.1 − 1.1 + 0.4 = 6.4.
7.7 − 1.1 + 2.0 = 8.6.

वजनकाटा बरोबर आहे. पण जोराच्या प्रवाहात निघालेल्या 56 टक्क्यांतले 13 टक्के गॅसने ढकलून नाही, वाळवून निघाले. वाळणे वगळले तर संथ प्रवाहाला 61 आणि जोराच्या प्रवाहाला 57 टक्के उरतात. प्रवाह वाढवल्याचा खरा परिणाम फक्त 4 टक्क्यांचा. शिवाय वाळण्याची सुरुवात आत शिरणाऱ्या टोकाकडून होते आणि तिथे पोटॅशियम क्लोराइडचे स्फटिक साचून छिद्रे बुजतात. कोअर पुन्हा वापरण्याआधी पाण्याने धुऊन पारगम्यता 85 वर परत येते का ते तपासा.

उपाय: सिलिंडरचा रेग्युलेटर आणि कोअर यांच्या मध्ये, म्हणजे कोअरइतक्याच दाबाखाली, दोन बबलर (गॅस पाण्यातून बुडबुड्यांनी नेऊन ओला करणाऱ्या बाटल्या) एकामागे एक लावा. दोन्हींत तेच मिठाचे पाणी भरा, बुडबुडे बारीक निघावेत म्हणून सच्छिद्र काचेची चकती हवी. त्यांच्यानंतर एक रिकामी बाटली, नाहीतर पाण्याचे थेंब कोअरमध्ये उडतील. बबलर आणि कोअर एकाच तापमानाला ठेवा. बबलर गार राहिला तर ओलाव्याची कमतरता गॅस कोअरमधूनच भरून काढेल.

काळा_पाषाण:
बबलर एकटा पुरणार नाही, कारण दाबफरक वाढवायचा आहे. आत 3 बार निरपेक्ष आणि बाहेर 1 बार असेल तर गॅस तिप्पट फुगतो आणि ओला असूनही बाहेर पडताना लागणाऱ्या वाफेचा दोन-तृतीयांश वाटा खडकातून घेतो. बाहेर 10 बारचा बॅक प्रेशर रेग्युलेटर (बाहेरच्या टोकाचा दाब ठरलेल्या पातळीवर धरणारा झडप) लावा. मग वातावरणाचा 1 बार धरून आत 13, बाहेर 11, फुगणे 18 टक्क्यांवर येते. स्लीव्हवरचा (कोअरभोवतीच्या रबरी आवरणावरचा) दाब आतल्या दाबापेक्षा निदान 20 बार जास्त ठेवा, नाहीतर गॅस खडकाऐवजी बाजूने निसटेल. फ्लो कंट्रोलर मोठा लागेल: सापेक्ष पारगम्यता 0.3 असताना वातावरणीय दाबाला मोजून सुमारे 3 लिटर प्रतिमिनिट.

तोंडाशी अडलेले पाणी पूर्ण जात नाही, ते बाजूला काढा. त्याच खडकाची 1 सेंमी जाडीची चकती बाहेरच्या टोकाला लावा, मध्ये टिश्यू पेपरचा एक थर. दाब आणि वजन फक्त मुख्य तुकड्याचे मोजा.

वैनगंगाकाठ:
आणि खोलीचे तापमान स्थिर ठेवा. पाण्याची श्यानता (वाहण्याला होणारा विरोध) 25 अंशाला 0.89 सेंटिपॉइज, 40 अंशाला 0.65. सकाळी आणि दुपारी मोजलेल्या आकड्यांत नुसत्या उन्हाने पाव हिस्सा फरक पडेल. 85 मिलिडार्सी काढताना श्यानता कोणत्या तापमानाची घेतली होती?

सच्छिद्र (नागपूर):
25 अंशाची. पारगम्यता पुन्हा मोजतो, बबलर आणि बॅक प्रेशर लावून दोन्ही प्रवाहांचे आकडे इथेच टाकतो.