नागलीच्या (नाचणीच्या) राबात तणच जास्त का?

अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात, कळसूबाईकडे राब, म्हणजे रोपं तयार करायची जागा, भाजतात तसाच भाजला, तरी तरव्यापेक्षा (रोपांपेक्षा) तण जास्त. कुठं चुकतंय?

— थर कसे लावले? आधी शेण, त्यावर कवळ (झाडाच्या तोडलेल्या फांद्या), मग पातेरा (वाळका पाला) नि गवत, शेवटी बारीक माती. मातीचा थर द्यायचा राहून गेला की जाळ भडकतो, नुसता वरवर जळतो. जमीन तापलीच नाही तर तणाचं बी मरणार कसं?

— आग कुठून लावली तेही बघा. वाऱ्याच्या दिशेनं लावली तर दहा मिनिटांत खेळ खलास. वाऱ्याविरुद्ध सरकत, धुमसत जळायला हवी. आणि राख पहिल्या पावसात वाहून गेली का? उताराकडच्या बाजूला बांध घाला.

— बी दाट फेकू नका, रोपं काडीसारखी होतात. लावणी साधारण 25 दिवसांनी.