[मंडळ-चर्चा] जमीन नक्की कुणाच्या नावावर? (गुरुवारच्या आत उत्तर हवं)

प्रेषक: शिरीष
सोमवार, रात्री 10:42

मंडळी,

न्यू जर्सीतल्या हंटरडन काउंटीच्या जागेचं परत. ड्यू डिलिजन्सची (खरेदी पक्की करण्याआधी सगळं तपासून घ्यायची) मुदत शुक्रवारी संपतेय आणि विकणारे आजोबा आता वाढवून द्यायला तयार नाहीत (दोनदा दिली, त्यांचं काही चुकत नाही). मागच्या मीटिंगला जे नव्हते त्यांनी "मुळात इतक्या लांब कशाला" हा विषय कृपया उकरू नये. तो एप्रिलमध्येच संपला.

आज सकाळी टाउनशिपच्या झोनिंग ऑफिसर (कुठल्या भागात काय बांधता येतं ते बघणाऱ्या) बाईंना भेटून आलो. सांगितलं की 14.2 एकर आहे, आठ छोटी घरं करायचीत, फॅक्टरीत बनवून आणून पक्क्या पायावर बसवणार, जमीन सगळी एका एलएलसीच्या (मर्यादित जबाबदारीच्या कंपनीच्या) नावावर आणि घर ज्याचं त्याचं. पक्क्या पायापर्यंत बाई मान डोलवत होत्या. एलएलसी म्हटल्यावर पेन खाली ठेवलं. "म्हणजे तुम्ही पार्क करताय." मी म्हटलं, पार्क नाही हो, घरं. "ट्रेलर पार्क. आमच्याकडे ते कुठल्याच झोनमध्ये बसत नाही." (म्हणजे भाड्याच्या जागेवर उभ्या केलेल्या फिरत्या घरांची वस्ती.)

एलएलसी करायचं ठरलं ते मंदारच्या सांगण्यावरून. आता पुढे काय? आठही कुटुंबांनी बुधवार रात्रीपर्यंत हो किंवा नाही कळवा. फक्त लाइक टाकू नका, कोण नक्की कशाला हो म्हणतंय ते कळत नाही.

शिरीष
ज्येष्ठ निवास उपसमिती


प्रेषक: मंदार (खजिनदार)
सोमवार, रात्री 11:15

शिरीष, "माझ्या सांगण्यावरून" हे बरोबर नाही. मी एवढंच म्हटलं होतं की टोकनचे पैसे मंडळाच्या खात्यातून जाणार नाहीत आणि मंडळाचं नाव कुठल्याही कागदावर येणार नाही. एलएलसीचा शोध नानांचा.

शिवाय "उपसमिती" म्हणजे कुणाची उपसमिती? कार्यकारिणीच्या इतिवृत्तात असा ठराव मला तरी सापडला नाही. खाली सही करताना एवढं पाहावं ही विनंती.

आणि जमिनीवर आत्ता गवत कापून शेतीच्या दराने कर भरला जातोय, म्हणजे फार्मलँड असेसमेंट. घरं आली की चालू वर्षाचा आणि मागच्या 2 वर्षांचा फरक वसूल होतो. तो विकणारा भरणार की आपण? करारात कुठे दिसलं नाही. मी विचारतोय म्हणून मी विरोधात आहे असं नव्हे.


प्रेषक: वैदेही
मंगळवार, सकाळी 6:50

शिरीषदादा, बाई बरोबर बोलल्या.

न्यू जर्सीत 1983 पासून कायदा आहे, म्युनिसिपल लँड यूज लॉचं कलम 104. फॅक्टरीत बनलेलं घर आहे म्हणून टाउनशिपला ते नाकारता येत नाही, बाकीच्या घरांना जे नियम तेच त्यालाही लावावे लागतात. पण हे संरक्षण फुकट नाही. घर 22 फुटांपेक्षा अरुंद नको. पक्का पाया हवा. आणि घर ज्याचं, जमिनीची मालकीही त्याचीच हवी. आपण पहिल्या दोन्हींत बसतो आणि तिसरी अट आपणच आपल्या हातांनी मोडतोय. घर माझं, जमीन एलएलसीची, म्हणजे मी जागेची भाडेकरू झाले. तुमच्या बाईंना पार्क दिसलं ते उगाच नाही.

कर्जाचंही तेच. जमीन स्वतःची नसेल तर बहुतेक बँका साधं गृहकर्ज देत नाहीत, गाडीला देतात तसलं कर्ज देतात, व्याज जास्त.

मार्ग आहे. प्रत्येकाचा छोटा लॉट त्याच्याच नावावर, उरलेली मोकळी जमीन आणि खाजगी रस्ता तेवढा घरमालकांच्या संघटनेकडे. यालाच क्लस्टर म्हणतात. टाउनशिपच्या नियमवहीत क्लस्टरची तरतूद आहे, मी काल रात्री वाचली. पण त्याला किमान 15 एकर लागतात. आपल्याकडे 14.2.

दुसरं म्हणजे, क्लस्टर केलं की जास्त घरं मिळतात असा इथे सगळ्यांचा समज झालाय. तसं नसतं. साध्या पद्धतीने जेवढे लॉट पडले असते तेवढीच घरं, फक्त जवळजवळ. तिथे 2 एकराला 1 घर आहे. 14.2 चे सरळ 7 होतात. त्यातून रस्ता वजा, मागची पाणथळ वजा, तिच्याभोवतीची पट्टी वजा (राज्य ठरवतं, साधारण 50 फूट, नाजूक जागा निघाली तर 150). माझ्या अंदाजाने 6. आठ हवीत तर तो घनतेचा व्हेरियन्स (नियमातून सूट) झाला, म्हणजे झोनिंग बोर्डाच्या 7 पैकी 5 मतं. चार पडली तरी हरलो.


प्रेषक: नाना
मंगळवार, सकाळी 9:30

सर्वांस सप्रेम नमस्कार.

एलएलसीची सूचना मी केली होती, नाकारत नाही. कारणही सांगतो. 2003 साली कर्जतच्या पुढे आम्ही चौघा मित्रांनी मिळून शेतजमीन घेतली, एकाच सातबाऱ्यावर. पुढे एक मित्र वारला, त्याची मुलं सिंगापूरला, एक जण भांडून निघून गेला. आजही तो तुकडा विकता येत नाही की बांधता येत नाही. बिगरशेती झालेली नाही. तीन गुंठे माझ्या वाट्याला, त्यावर एक जांभळाचं झाड आहे, ते मात्र फळतं. म्हणून म्हटलं होतं, कंपनी करा, हिस्से ठेवा, मेलं तरी काम अडणार नाही.

इथे उलटं निघालं. तिथे चौघांची नावं होती म्हणून घोंगडं भिजत पडलं, इथे एकाचंही नाव नाही म्हणून.

वैदेहीने लिहिलेलं दोनदा वाचलं. चांगलं लिहिते. तिची आजीही असंच लिहायची.


प्रेषक: प्रकाश
मंगळवार, सकाळी 10:05

नाना, तीन गुंठे म्हणजे 3267 चौरस फूट. एवढ्या तुकड्याचा स्वतंत्र सातबारा तेव्हा तुकडेबंदी कायद्याने मुळातच होत नव्हता, तो कायदा 1947 चा आहे. एजंटने तुम्हाला फसवलं. गुंठेवारी नियमित करायचा 2001 चा कायदाही आहे, पण तुमची जागा त्यात बसेल की नाही ते तिथला तलाठीच सांगेल. मी माझं डोंबिवलीजवळचं असंच लटकलेलं प्रकरण 6 वर्षं लढवलं. फोन करा, सगळं सांगतो. इथे लिहीत बसत नाही.


प्रेषक: नाना
मंगळवार, सकाळी 10:31

प्रकाश, एजंट नव्हता, माझा मेहुणाच होता. जाऊ दे.


प्रेषक: सुनंदा
मंगळवार, दुपारी 1:20

मी दिलीपबरोबर रविवारी ही घरं विकणाऱ्या पेन्सिल्व्हेनियातल्या डीलरकडे जाऊन आले, म्हणून लिहिते. घरी बसून "ट्रेलर ट्रेलर" म्हणणाऱ्यांनीही एकदा जाऊन यावं.

आत शिरल्यावर ट्रेलर वगैरे काही वाटत नाही. उंबरा नाही, बाथरूममध्ये चाकाची खुर्ची वळते (मी दिलीपला बसवून वळवून पाहिलं). प्रत्येक भागाच्या बाहेरच्या भिंतीवर मागच्या टोकाला तळहाताएवढा लाल पत्रा ठोकलेला असतो, ते हडचं, म्हणजे केंद्र सरकारच्या गृहनिर्माण खात्याचं लेबल. डबल-वाइडला दोन भाग म्हणून दोन लेबलं. आणि ओट्याखालच्या कपाटाच्या दारावर आतून एक कागद चिकटवलेला, घर कधी बनलं, किती बर्फाचा भार सोसेल, सगळं त्यावर. रंग काढताना ही लेबलं खरवडू नका, विकताना बोंब होते म्हणाला डीलरकडचा मुलगा.

आता मापाचं. जाहिरातीतला आकडा खरा नसतो! "24 फुटी" म्हणतात ते मॉडेल मी फीत लावून मोजलं, भरलं 23 फूट 4 इंच. म्हणजे 22 च्या वर, वैदेही, चालेल ना? पण मंदार, तुझ्या आईसाठी तू स्वस्तातलं "16 फुटी" बघतोयस ते सव्वापंधराच भरतं. ते या कायद्यात बसणार नाही. आणि "60 फूट लांब" म्हणतात त्यात 4 फूट ओढायची दांडी धरलेली असते. ती नंतर काढून टाकतात! दांडीचे पैसे कशाला द्यायचे?


प्रेषक: मंदार
मंगळवार, दुपारी 1:48

मावशी, मी आईसाठी काय बघतोय हे लिस्टवर यायची गरज नव्हती.


प्रेषक: तेजस
मंगळवार, दुपारी 2:10

मी नवीन आहे, चुकलं तर सांगा. हे सगळं करायचं तर मॉड्युलर का नाही घेत? तीही फॅक्टरीतच बनतात.

आणि आठच्या आठ घरं मराठी कुटुंबांनाच मिळतील अशी अट टाउनशिपच्या कागदात घालता येईल का? नाहीतर उद्या कुणी विकलं तर सगळा हेतूच गेला. मंडळाच्या पानावर "मराठी ज्येष्ठांसाठी" अशी जाहिरात आधीच टाकून ठेवू या का?


प्रेषक: वैदेही
मंगळवार, दुपारी 4:35

तेजस, नको, आणि प्लीज हे पुन्हा लिहू नकोस. 1968 च्या फेअर हाउसिंग कायद्याने मूळ देश, धर्म, वंश यांवरून घर नाकारता येत नाही, आणि तशी जाहिरात किंवा लेखी विधान करणंही बेकायदा आहे. राज्याचा कायदा त्याहून जुना आहे. ज्यांना आपल्याबरोबर राहायचंय ते येतीलच, पण दाराला पाटी लावता येणार नाही. वयाची अट मात्र चालते: 80 टक्के घरांत किमान एक जण 55 किंवा त्यापुढचा हवा. नाना आणि मावशी असल्यावर 55 ची काळजी नाही.

मॉड्युलर वेगळं. मॅन्युफॅक्चर्ड घर, म्हणजे आपण बघतोय ते, कायमच्या लोखंडी चॅसीसवर (सांगाड्यावर) असतं आणि हडच्या नियमांनी बनतं, ते नियम 15 जून 1976 पासून लागू आहेत. त्याआधीची ती खरी "मोबाइल होम". मॉड्युलर राज्याच्याच बांधकाम नियमांनी बनतं, त्यामुळे झोनिंगच्या दृष्टीने ते साधं घर. 22 फुटांचा प्रश्नच येत नाही. महाग पडतं, पण बोर्डासमोर "ट्रेलर" शब्द निघत नाही. याचा विचार व्हावा असं मला वाटतं.

मावशी, 23 फूट 4 इंच चालेल. पण डीलरकडून कागदावर घ्या. फीत तुमची आहे, सही त्याची हवी.


प्रेषक: अरविंद
मंगळवार, संध्याकाळी 6:02

वाऱ्यात ही घरं उडतात. फ्लोरिडाला 1992 ला अँड्र्यू वादळ आलं तेव्हा मी मायामीला होतो, रांगेच्या रांगा सपाट झाल्या होत्या. विचार करा.


प्रेषक: वैदेही
मंगळवार, संध्याकाळी 6:20

अरविंदकाका, त्याच वादळानंतर 1994 ला वाऱ्याचे नियम कडक केले. उडालेली बरीचशी जुनी होती.

मला खरी काळजी वाऱ्याची नाही, सेप्टिकची आहे. तिथे गटार नाही. लॉट लहान केले की विहीर आणि सेप्टिक फील्ड यांच्यात साधारण 100 फूट कसे ठेवणार? मातीचे खड्डे खणून पाहिलेत का कुणी? शिरीषदादा, सॉइल लॉग झालेत का? मी हे तिसऱ्यांदा विचारतेय.


प्रेषक: सुनंदा
मंगळवार, रात्री 8:15

सॉइल लॉग नाही झालेत. शिरीष फोन उचलत नाहीये, त्यावरून मी काय ते समजले.

आणि क्लस्टर म्हणजे काहीतरी झोपडपट्टी असा चेहरा ज्यांनी मीटिंगमध्ये केला त्यांच्यासाठी: आम्ही 1981 ला फेअर लॉनला भाड्याने राहायचो, रॅडबर्न वसाहतीच्या अगदी कडेला. 1929 ला वसवलेलं आहे ते. घरं दाटीने, पण एका बाजूचं दार उघडलं की सामायिक हिरवळ, गाड्या दुसऱ्या बाजूला. आमची मीनल तिथेच चालायला शिकली, रस्ता न ओलांडता शाळेत जायची. त्या हिरवळीवर कुणाचं एकट्याचं नाव नव्हतं, घरावर मात्र ज्याचं त्याचं. वैदेही म्हणतेय ते मला लगेच पटलं ते त्यामुळेच.


प्रेषक: शैला
मंगळवार, रात्री 8:40

रविवारच्या प्रयोगाची 4 तिकिटं जास्त आहेत, हवी असल्यास मला वेगळं लिहा. इथे उत्तर देऊ नका.


प्रेषक: प्रकाश
मंगळवार, रात्री 8:44

2 हवीत.


प्रेषक: शिरीष
मंगळवार, रात्री 11:30

फोन उचलला नाही कारण वकिलांबरोबर होतो.

वैदेहीचं म्हणणं त्यांनीही मान्य केलं, जमीन ज्याची त्याच्या नावावर. एलएलसी रद्द. नाना, तुमची सूचना नव्हती असं समजा. सॉइल लॉग झालेले नाहीत, मान्य, माझी चूक. परवा सकाळी 8 ला खणणारा येतोय, दोन जण सोबत हवेत. गुडघ्यापर्यंत बूट घाला, मागची बाजू खरंच ओली आहे.

14.2 आणि 15 मधल्या फरकासाठी एकदम अर्ज करायच्या आधी प्लॅनिंग बोर्डापुढे अनौपचारिक चर्चेला जाता येतं, त्यात बोर्ड काही बांधील नसतं आणि आपणही नसतो. नंतर अर्ज झाला तर 200 फुटांतल्या सगळ्या मालकांना किमान 10 दिवस आधी नोटिसा जातात. शेजारच्या घोडेवाल्यांकडे त्याआधीच कुणीतरी जाऊन चहा पिऊन यावं. सुनंदामावशी, तुम्ही जाल का? दिलीपला न्या, फीत नेऊ नका.

विकणाऱ्यांना उद्या पत्र जाईल: 6 लॉट मंजूर झाले तरच खरेदी, आणि मागच्या कराचा फरक त्यांनी भरायचा. मंदार, हे तुझंच. आणि "उपसमिती" काढून टाकलीय सहीतून, बघ.

राहिला प्रश्न आठाचे सहा कसे करायचे. चिठ्ठ्या टाकू नका, आणि "ज्यांनी आधी पैसे दिले" हेही नको, मी सगळ्यात आधी दिलेत म्हणून सांगतोय. बुधवारी 7 ला माझ्याकडे या. पिठलं-भाकरी आहे.


प्रेषक: सुनंदा
मंगळवार, रात्री 11:41

घोडेवाल्यांकडे जाईन. सहा असोत की पाच, रस्त्याकडचा पहिला लॉट माझा, तिथे ऊन येतं. दिलीपच्या गुडघ्यांना ऊन लागतं. हे एप्रिलमध्येच सांगितलं होतं.


प्रेषक: मंदार
मंगळवार, रात्री 11:52

पहिल्या लॉटबद्दल एप्रिलच्या इतिवृत्तात काहीही नोंद नाही.